मागच्या सीटवरचं भांडण

निरोप आला तेव्हा मी भाजी चिरत होते. पुतण्या धापा टाकत दारात आला आणि म्हणाला, "चाची, चाचाले लागलं… आष्टीच्या अलीकडं." त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला समजलं, लागलं नाही, संपलं. तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "भात खाल्ला होता का त्यायनं?" पोराला वाटलं, चाचीचं डोकं फिरलं. पण करीमभाऊ बांगडीवाल्यांच्या बायकोनं दुसरं काय विचारायचं? लग्न झाल्यापासून मी या माणसाला दोन गोष्टींपासून वाचवत आले होते, एक भात आणि दुसरी झोप.

आम्ही राजुऱ्याचे. बांगड्यांचा धंदा. फटफटीला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पेट्या बांधायच्या, मागं मी बसायचं आणि गोंडपिपरी, आष्टी, चामोर्शी असे बाजार करत हिंडायचं. बायकांच्या हातात बांगड्या मी भरायची, गाडी आणि हिशेब त्यांच्याकडं. आधी हा धंदा ते आणि माझे मोठे दीर हमीदभाऊ मिळून करत. आमच्या लग्नाआधी एकदा चामोर्शीकडच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होतं. झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्याकडच्या भाताच्या मुलखातला माणूस तुम्हाला भात वाढल्याशिवाय सोडत नाही आणि नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. दोघा भावांनी पोटभर भात खाल्ला आणि भर उन्हात निघाले. हमीदभाऊ चालवत होते. रस्त्याच्या कडेला बांबू भरलेला ट्रक उभा होता. बांबूची टोकं मागं हातभर बाहेर आलेली. हमीदभाऊंनी ब्रेक मारला नाही, हँडल वळवलं नाही… डोळे मिटलेले तसेच आत गेले. एक बांबू छातीतून पाठीत निघाला आणि मागं बसलेल्या ह्यांच्या खांद्यात रुतला. भाऊ मरेपर्यंत दोघं त्या एका बांबूवर अडकून होते. ह्यांनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडं तोंड करून. मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ह्या माणसानं झोपेशी वैर धरलं. बाजाराच्या दिवशी भाताचं शीत पोटात जायचं नाही. फुटाणे, लिंबू, हिरवी मिरची, बस. ट्रकची जुनी ट्यूब अर्धी फुगवून तिच्यावर माझी फाटकी गोधडी शिवून घेतली होती, ती सीटवर. बूड दुखलं की माणूस वाकडा बसतो, वाकडा बसला की मान दुखते आणि मान दुखली की डोळे जड होतात, असा त्यांचा हिशेब. मानेला ओला दुपट्टा. गोंडपिपरीला उतरून पायांवर पाणी घ्यायचं आणि गाडीभोवती फेऱ्या मारायच्या. लोक हसत, हे लोकांना शिव्या देत. पण हे सगळं वरवरचं. खरं औषध मागच्या सीटवर, म्हणजे मी.

लग्नानंतर पहिल्यांदा मागं बसले तेव्हा मी नवी नवरी, लाजून हळूच गाणं गुणगुणले. त्यांनी खाडकन गाडी थांबवली. "गाणं नोको! गाण्यानं झोप येते. भांड माझ्याशी." मी म्हटलं, "काऊन भांडू जी? तुमी का केलं मले?" तर म्हणाले, "तुया मायनं लग्नात पाहुण्यायले सडका फरसाण खाऊ घातला." झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बल्लारशापर्यंत मी त्यांच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. उतरलो तर हे खुशीत. "आज डोळ्याले डोळा नाई लागला," म्हणे. एरवी आमच्या दोघांत हिंदी, पण गाडीवर मराठीच. मराठीत शिव्या मोकळ्या निघतात, हे त्यांचंच म्हणणं. नुसतं तोंड पुरलं नाही तर मी पाठीत बुक्के घालायची आणि तेही स्वतःच्या गालावर फाडफाड मारून घ्यायचे. खोटं भांडून चालत नसे. खोटं त्यांना लगेच कळायचं आणि मग मान डुलायला लागायची. त्यामुळं मला रोज खरा राग आणावा लागे. तो आणायला ह्या माणसानं मला कधी कमी पडू दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

एकदा मात्र हे औषध अंगावर आलं. त्या दिवसांत जंगलाच्या गावांतून बाया-पोरं पळवणारे फिरतात अशी अफवा उठली होती. आम्ही चामोर्शीच्या पलीकडच्या एका बाजारातून परतत होतो. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं आणि त्यांची मान दोनदा खाली गेलेली मी पाहिली. मी जीव खाऊन ओरडायला लागले. "थांबवा गाडी! सोडा मले! मले नाई राह्याचं तुमच्यासंगं!" आणि दोन्ही हातांनी पाठीत धपाधप. समोर एक गाव होतं. गावातल्या माणसांनी काय पाहिलं? एक दाढीवाला गडी किंचाळणारी बाई पळवून नेतोय! त्यांनी रस्त्यात बांबू आडवा टाकला.

गाडी आडवी झाली, मी शेणात पडले. ह्यांना कॉलर धरून ओढलं आणि काठ्या सुरू झाल्या. डोक्यावर, नडग्यांवर, तोंडावर. एकानं टाच मारली तर पुढचे दात माझ्यासमोर मातीत पडले. पेट्या फुटून हिरव्या बांगड्यांचा चुरा सगळीकडं पसरला होता आणि मारणारे अनवाणी त्याच चुऱ्यावर नाचत होते. त्यांच्या पायांचं रक्त आणि ह्यांच्या तोंडाचं रक्त, सगळा चिखल झाला होता. मी बोंबलतेय, "अरे, नवरा होय माझा!" आणि एक पोक्त माणूस मला मागं ओढत म्हणतोय, "भिऊ नोको बाई, सुटली तू आता." शेवटी मीच एकाची काठी हिसकली आणि समोर दिसेल त्याच्या टाळक्यात घातली. दोघांची डोकी फोडली मी. आजही वाईट वाटत नाही. तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली, वाकून पाहिलं आणि किंचाळली, "अरे मेल्यायनो, हा तं करीम बांगडीवाला होय! हे दोघं असेच भांडत जातेत!"

मग काय, पाणी आलं, हळद आली, खाट आली. ज्यांनी मारलं तेच पाय चेपायला बसले. आणि माफी म्हणून त्यांनी काय केलं असेल? चूल पेटवून भात रांधला! तो पोक्त माणूस हात जोडून उभा. "भाऊ, दोन घास खाल्ल्याबिगर जाऊ नोका, नाईतं आमाले पाप लागन." हे खाटेवर उठून बसले. एक डोळा बंद, ओठ फुटलेला, तोंडातून रक्ताची धार. म्हणाले, "अजून दोन काठ्या मारा. पण भात नोको." मग मिरची मागितली आणि त्या फुटक्या तोंडानं चावून खाल्ली. त्यांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी, पण खाल्ली. मला त्या माणसाचा असा राग आला होता, आणि असं प्रेमही आलं होतं… काय सांगू!

घरी त्यांनीच गाडी चालवली, एका डोळ्यानं. मागं मी रडत होते. थोडं गेल्यावर गाडी थांबवून खेकसले, "रडू नोको! रडण्यानं झोप येते मले. भांड!" मग मी भांडले, हुंदके देत देत.

पुढं माझे गुडघे गेले. मागच्या सीटवर पाय मुडपून बसणं होईना, दोन वर्षं झाली मी घरीच. हे एकटेच जायचे. मी रोज भीत होते आणि शेवटी तेच झालं. मातीला आलेल्या प्रत्येकानं एकच सांगितलं, "झपकी लागली असन." पोलीसही तेच म्हणाले. मौलवीसाहेबांनीही समजूत घातली, झोपेत गेले, त्रास झाला नाही. सगळ्यांना वाटे, हे ऐकून माझा जीव थंड होईल. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या झोपेनं भाऊ नेला तिनंच ह्यांनाही गाठलं म्हणजे जन्मभर खाल्लेल्या मिरच्या फुकट, माझ्या शिव्या फुकट, दात पाडून घेतले तेही फुकट! मला फक्त एवढंच हवं होतं… डोळे उघडे होते का मिटलेले? पण विचारायला जाणार कुठं? इद्दतीचे दिवस. आमच्यात नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. पुतण्याला पाठवलं तर धडक देणारा ट्रकवाला ट्रक टाकून पळाला, एवढंच ऐकून आला. मी घरात बसून भिंतींवर दात खात होते.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. सोमीबाई, आष्टीच्या अलीकडच्या जंगलगावातली. बाजारात माझ्याकडून बांगड्या भरायची. एसटीनं एकटी आली होती, पदरात मोहफुलं बांधून. पाणी प्याली, बराच वेळ माझ्या रिकाम्या मनगटांकडं पाहत बसली आणि मग म्हणाली, "बाई, मी तिथीच होती. मोह वेचून राह्यली होती रस्त्याच्या कडंले."

मी गिलास बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ सरकले.

"ट्रक दुसऱ्या गाडीले काटून उलट्या अंगानं आला. भाऊनं गाडी पार खाली घातली, मातीत. तरी ट्रकनं धरलंच. मी धावली. भाऊ गेला होता. मंग मी तुले शोधाले लागली."

"मले?"

"हो तं! नालीत पाह्यलं, तरोट्याच्या झुडपात पाह्यलं, ट्रकच्या खाली वाकून पाह्यलं. हाका मारल्या. लोकं म्हणे, एकलाच होता. मी म्हटलं, एकलाच कसा? मी लांबून भांडण आयकून राह्यली होती. तुमी दोघंही होतेत गाडीवर."

मी तिचे दोन्ही हात धरले. विचारलं, "का बोलत होते?"

ती घुटमळली. "जाऊ दे ना बाई. मेलेल्या माणसाचं…"

"सांग म्हटलं ना!"

"तुया बापाले शिव्या देत होता. म्हणे, गुडघे दाखवाले नेतो म्हटलं तं येत नाई, बापावर गेली, तुया बापही असाच अडेल रेडा होता… लय मोठ्यानं. अन् मधात मधात थांबे, तुई बोलायची पाळी असल्यावानी."

मला हसू फुटलं, आणि मग निरोप आला त्या दिवसापासून अडकून राहिलेलं सगळं एकदम फुटलं. जागा होता तो. टक्क जागा होता! छाती पिटून मी रडले, पदर तोंडात कोंबून रडले. आणि रडता रडता माझं डोकं असं तापलं! माझा बाप मरून पंधरा वर्षं झाली, त्या गरिबानं ह्यांचं काय वाकडं केलं होतं? मी डोळे पुसले आणि घर दणाणेल अशा आवाजात ओरडले, "माझ्या बापाले काऊन मधात आणता जी? तुमचा बाप कोणता मोठा नवाब होता?"

सोमीबाई दचकून दाराकडं पाहू लागली.