सुलाबाईवरचा आळ

सुलाबाईचं माहेर विजापूरकडचं. लग्न होऊन जत तालुक्यातल्या वस्तीवर आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. मेंढरं ती कन्नडातच मोजायची, आणि राग आला की भांडायचीही कन्नडातच. नवरा तात्याबा मुलखाचा सोशिक माणूस. ती कडाकडा बोलायला लागली की तो हसून म्हणायचा, "बोल, मला निम्मंच कळतंय."

दिवाळी सरली की दोघं मेंढरं घेऊन कराड-पाटणच्या अंगाला निघायची. उसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढचं रान गाठायचं. अशी वीस-बावीस वर्षं गेली. एकुलता एक मुलगा विश्वजित अशाच एका मुक्कामाला, कोयनेच्या काठावर जन्मला. तो शिकला, फौजेत भरती झाला आणि पहिल्याच सुट्टीत त्यानं बापाला सांगून टाकलं, "आण्णा, आता हिंडायचं बंद." मग वस्तीवर बोअर पाडली, तीन एकरात शाळू होऊ लागला. तीस मेंढरं ठेवली आणि सुलाबाईला उशिरा का होईना, एका जागी बूड टेकायला मिळालं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली. वळवानंतर दडी मारलेला पाऊस एकदम आला आणि चार दिवस हलला नाही. कडब्याच्या गंजीवरचा कागद वाऱ्यानं फाटला, वरच्या पेंढ्या भिजल्या. ऊन पडलं तसा गंजीचा कुबट वास अंगणात यायला लागला. तात्याबा नुकताच आटपाडीच्या बाजारातून आला होता. अंगात कणकण होती, नाक गळत होतं. सुलाबाईनं कपाळाला हात लावून बघितला, कपाळ तापलेलं होतं. तरी ती म्हणाली, "आवं, गंज आज उकलाया पायजे. न्हाईतर खालपतूर सडंल. वर्साची वैरण हाय."

"उद्या करू की."

"उद्या पुन्यांदा पाऊस आला मंजी?"

तात्याबा वर चढला. काळ्या पडलेल्या पेंढ्या त्यानं खाली टाकल्या. प्रत्येक पेंढीबरोबर हिरवट-काळी भुकटी उडत होती. संध्याकाळी खाली उतरला तो खोकतच.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. सून राणीनं नवऱ्याला फोन लावून गंजीचं, तापाचं सगळं सांगितलं. विश्वजित तेव्हा जम्मूकडं होता. त्यानं लगोलग बाजारगावच्या दिग्विजय डॉक्टरला फोनवर गाठलं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. डॉक्टर स्वतः मोटरसायकलवरून वस्तीवर आला. सलाईन लावलं, सकाळ-संध्याकाळ सुया दिल्या. दोन दिवसांत तात्याबा उठून बसला, भाकरी मागून खाल्ली. सगळे खूश. डॉक्टरनं सुया चालूच ठेवल्या. सहाव्या दिवशी तात्याबाला अंगणातून घरात चालत येता येईना. ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी चालायला लागली. डॉक्टर म्हणाला, "मिरजेला हलवा."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात शिवांजली मॅडम म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. वयानं राणीपेक्षा थोड्या मोठ्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आधी काय औषधं दिली?" कागद तर एकही नव्हता. राणीनं रिकाम्या बाटल्यांची पिशवी पुढं केली. मॅडमनी एकेक बाटली वाचली, आणि वाचता वाचता त्यांचं तोंड उतरत गेलं.

तपासणीत फ्लू निघाला. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. तात्याबाला व्हेंटिलेटरवर घेतलं. चौथ्या दिवशी विश्वजित आला आणि त्याच दिवशी बापाची तब्येत जरा सुधारली, म्हणून पोराचा पायगुण चांगला असं सगळी म्हणाली. पण दोन दिवसांनी पुन्हा ताप आला. नळीतून रक्त यायला लागलं. औषधं बदलली, उतार पडेना. शेवटी मॅडमनी छातीत दुर्बीण घालून आतलं पाणी तपासायला पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा विश्वजित सांगलीला औषध आणायला गेलेला होता. मॅडमनी सासू-सुनेला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"आजी, त्यांच्या फुफ्फुसात बुरशी वाढलीय."

सुलाबाईनं विचारलं, "कडब्यावर असती तसली?"

"त्याच जातीची. पण ऐका. ही बुरशी हवेत सगळीकडं असते. तुम्ही, मी, रोज श्वासाबरोबर ओढतो. धडधाकट छातीत ती तग धरत नाही. यांची छाती फ्लूनं आतून सोलवटली होती. आणि त्यात त्या सुया. स्टिरॉइड होतं ते. सहा दिवस, भरमसाट. बरं वाटतं, ताप दबतो, पण शरीराची झुंजायची ताकदच मारली जाते."

"मी त्यास्नी तापात गंजीवर चढीवलं, बाई."

मॅडम म्हणाल्या, "कडब्याची धूळ वाईटच. नाही म्हणत नाही. पण बुरशी तिथूनच आली, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. नुसत्या फ्लूनंही असं होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा दोन दिवस उशिरा शोधली."

तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या उठून गेल्या. विश्वजित औषध घेऊन धापा टाकत आला. राणी रडत म्हणाली, "आण्णांच्या छातीत बुरशी झालीया. कडब्यावरची." पुढचं तिला सांगता आलं नाही, आणि विश्वजितनंही पुढचं विचारलं नाही. त्यानं आईकडं बघितलं फक्त.

बुरशीचं औषध नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी सकाळी तात्याबा गेला.

दहाव्याच्या विधीला वस्तीवर भावकी जमली. चहा फिरत होता, कुणी विचारलं, "झालं तरी काय एकाएकी?" विश्वजित म्हणाला, "आयेनं तापात गंजीवर चढीवलं." एवढं एकच वाक्य. पण त्यानंतर ते वाक्य सगळ्यांचं झालं. चुलत जाऊ रंगुबाई विहिरीवर म्हणाली, "वैरणीचा लोभ, दुसरं काय." सुलाबाईनं ऐकलं. कपाळ तापलेलं तिच्या हाताला लागलं होतं, हे खोटं नव्हतं.

पण मॅडमचं बोलणंही तिच्या डोक्यातून जाईना. विधीनंतर चौथ्या दिवशी ती एकटीच बाजारगावला गेली. दिग्विजय डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. ती सरळ आत शिरली.

"त्या सुया कसल्या हुत्या?"

डॉक्टर गडबडला. तिला पडद्याआड घेऊन गेला. "मावशी, बरं वाटलं होतं का नव्हतं? भाकरी खाल्ली का नव्हती?"

"मिरजंच्या बाई म्हनल्या, लय झाल्या."

"त्या आता म्हणणारच. मी काय माझ्या मनानं दिल्या? हे ऐका."

त्यानं मोबाइल काढून त्यात आलेला जुना निरोप लावला. विश्वजितचा आवाज आला, घाईतला, काळजीनं चिरकलेला. "डॉक्टर, किती बी कडक सुया मारा, पर दोन दिसांत आण्णा हुभं ऱ्हायले पायजेत." मग दुसरा निरोप. "लय भारी गड्या, भाकरी खाल्ली म्हनं. आता बंद करू नगंस. आनी चार दिस चालू ठेव."

"तो सांगंल, आन् तू देनार? डाक्टर तू का त्यो?" सुलाबाई म्हणाली.

डॉक्टरनं मोबाइल खिशात घातला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना एसटीत तिनं ठरवलं, हे पोटातच ठेवायचं. पोराला तिकडं बंदूक घेऊन उभं राहायचं असतं. असलं ओझं घेऊन तो कसा उभा राहील? ती वस्तीवर उतरली तेव्हा दुपार टळत होती. धूर दिसला म्हणून ती धावतच सुटली.

विश्वजितनं गंज पेटवली होती. वरचा काळा पडलेला तर जळतच होता, पण खालचा चांगला, पिवळाधमक कडबाही धडधडून पेटला होता. मेंढरं वाड्यात ओरडत होती. भावकीतले चौघं-पाचजण लांब उभे होते, राणी दारात.

"आरं, खालचा चांगला हुता! मेंढरांनी खायाचं काय?"

"अजून तुला वैरनच दिसतीया?" विश्वजित ओरडला. "ह्या कडब्यानं माजा बाप खाल्ला. आन् तू त्यास्नी वर चढीवलंस."

एरवी तिचा राग कन्नडात फुटायचा. त्या दिवशी मराठीत फुटला, सगळ्यांना कळेल असा.

"व्हय, चढीवलं. आन् सुया कुनी मारायला लावल्या? बंद करू नगंस, चार दिस चालू ठेव, कुनी सांगितलं? ऐकून आल्ये मी तुजा आवाज. मिरजंच्या बाई म्हनल्या, त्या सुयांनीच छातीतली ताकद मेली!"

विश्वजितच्या हातातली काठी खाली आली. तो म्हणाला, "मला काय ठावं हुतं?"

"मग मला तरी ठावं हुतं व्हय?"

भावकीतली माणसं एकेक करून निघून गेली. गंज संध्याकाळपर्यंत जळत राहिली.

विश्वजित सुट्टी संपायच्या आधीच तीन दिवस निघाला. आईच्या पाया पडला, पण मान वर केली नाही. सुलाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तर ती पाठ लाकडासारखी ताठ. बोलून ती मोकळी झाली असं तिला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. आळ तिच्यावर होता तो तसाच राहिला, आणि वर पोराला टोचलं म्हणून रंगुबाईला नवीन बोलायला मिळालं.

दिग्विजय डॉक्टरचा दवाखाना चालूच आहे. हिवाळ्यात वस्तीवर खोकल्याची साथ आली तेव्हा सुलाबाई घरोघर सांगत फिरली, "सुई घिऊ नगा, आदी इचारा कसली हाय ती." लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ फिरली की त्याच्याकडं जायला मोटरसायकल काढायचे. राणीलाही तिनं अडवलं. राणी म्हणाली, "आत्ती, मिरजंला कोन जानार हर येळंला?"

विश्वजितचा फोन राणीला येतो, दर रविवारी. सुलाबाई चुलीपाशी असते, आवाज ऐकू येतो. परवा तो एकाएकी म्हणाला, "आये हाय व्हय तिथं?"

"हाय की. दिऊ?"



"नगं," तो म्हणाला. "बोअरला पानी हाय का, ते सांग."

राणी पाण्याचं सांगत राहिली. सुलाबाईनं भाकरी उलटली.