चौऱ्याहत्तरावा तास

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नोंदणी कारकून होतो. जन्मानंतर बहात्तर तासांत जंतुसंसर्ग दिसला तर तो आईकडून आला असं धरायचं, त्यानंतर दिसला तर वॉर्डातला, असा नियम होता. एका बाळाने चौऱ्याहत्तराव्या तासाला दूध ओढणं सोडलं, हेच संसर्गाचं पहिलं लक्षण, आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं.

“सिस्टर, सत्तर लिहा. चार तासांच्या फरकाने काय आभाळ कोसळणार आहे?” डॉक्टर म्हणाले.

“त्या आईवर कोसळलंय ना, साहेब. वर दोषही तिच्याच माथी मारू?”

सिस्टरांनी चौऱ्याहत्तरच लिहिलं. चौकशीत जंतू हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीत सापडले. बाटली न धुताच तिच्यात वरून नवा साबण ओतायची सवय सिस्टरांचीच होती. तेही लिहा म्हणाल्या. माझा हात चालेना, तेव्हा त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं.