मामांकडे जाणारे बाण

आमच्या विद्यापीठात समाजशास्त्र आणि डेटा सायन्स एकत्र शिकवायला लागले आणि मी लगेच फोन करून मामांना विचारलं, "घेऊ का प्रवेश?" मामा म्हणाले, "घे. दोन विषय हायेत, एक तर चालंल."

चालले दोन्ही, पण उलटे. समाजशास्त्राच्या वर्गातली पोरं मला बिघडलेले लॅपटॉप आणून द्यायची. संगणकाच्या लॅबमधली पोरं विचारायची, "तू समाजवाला ना? मग सांग, पोरींच्या मनात काय असतं?" मी दोन्हीकडं आत्मविश्वासानं उत्तरं दिली. एक लॅपटॉप कायमचा गेला. पोरांचं पुढं काय झालं, कळलं नाही. घरी वडील पाहुण्यांना "कॉम्प्युटर शिकतोय" म्हणून सांगायचे, आणि आई "कलेक्टरकीची तयारी चाललीय" म्हणायची. मी मधे बसून पोहे खायचो.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला: गावात अडलेला माणूस सल्ला कुणाला विचारतो? घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा आणि विचारणाऱ्यापासून सल्ला देणाऱ्याकडं एक बाण काढायचा. सगळे बाण एकत्र आले की गावाचं जाळं दिसतं. ज्याच्याकडं जास्त बाण, गाव त्याच्या शब्दावर चालतं. गाव निवडलं मामांचं, पाचोडच्या पुढचं. शास्त्रीय कारण असं की तिथं मामीच्या हातची भाकरी आणि ठेचा मिळतो.

मामा, म्हणजे गावाचे अण्णा, म्हणजे पांढरा शर्ट, गॉगल आणि बोलावल्याशिवाय कुणाच्याही कामात पडायची हौस. काही वर्षांपूर्वी ते सोसायटीच्या निवडणुकीत पडले, आणि त्यानंतर वर्षभर पाराकडं फिरकले नाहीत. बाजारालासुद्धा मामीच जायची. त्या वर्षी आमच्या घरी आले तरी दारात चप्पल काढून गुपचूप कोपऱ्यात बसायचे. मामा गुपचूप बसलेले आम्हाला कुणालाच बघवायचं नाही.

मी म्हणालो, "मामा, मी एकटा जातो."

"खुळा का काय? गावात कुत्री लई हायेत. बस मागं."

बसलो मागं. घरोघर मोटारसायकल थांबायची. गावात भाचा हा एकट्या मामाचा नसतोच, अख्ख्या गावाचा असतो, त्यामुळं प्रत्येक ओसरीवर चहा आलाच. मी मोबाइल काढून विचारायचो, "शेतीचं, पोरांच्या शिक्षणाचं, दवाखान्याचं काही अडलं तर आधी कुणाला विचारता?" समोरचा माणूस माझ्याकडं बघायचा, मग माझ्या खांद्यावरून मागं बघायचा. मागं मामा गॉगल पुसत उभे.

"हे काय इचारणं झालं? अण्णालाच की!"

एका आजोबांचं आणि मामांचं बांधावरून बोलणं बंद होतं. त्यांनीही बशी खाली ठेवली, मामांकडं न बघता म्हणाले, "अण्णाला." मला तर भरूनच आलं. 'सल्ल्याचं नातं बांधाच्या पलीकडं जातं' हे वाक्य मी अहवालात घातलं, तेही ठळक अक्षरांत.

घरी येऊन चित्र काढलं. पडद्यावर मधोमध मामा आणि चारी बाजूंनी त्यांच्याकडं धावणारे बाण. इतकं सुरेख चित्र वर्गात कुणाचंच नव्हतं. राहवलं नाही, मामांना पाठवून दिलं. खाली लिहिलं, 'गाव तुमच्याच शब्दावर चालतं. सिद्ध झालं.'

चहा गार व्हायच्या आत फोन आला. "भाचेबुवा, मंग सरपंचकीला उभाच राहतो."

प्रकल्पात माझ्या जोडीला पिशोरची एक मैत्रीण होती, आकड्यांची बाजू तिच्याकडं. चित्र बघून ती म्हणाली, "इतका स्वच्छ डेटा माणसांचा नसतो रे." मी म्हणालो, जळतेस. मग वर्गात चित्र दाखवलं. मॅडम चित्र बघून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "प्रश्न विचारताना मामा कुठं होते?"

"मागं, मॅडम. म्हणजे गाडीवर. म्हणजे... बाजूलाच."

वर्गात पंख्याचाही आवाज ऐकू येईना, एवढे सगळे हसले. मैत्रीण म्हणाली, "भाच्याच्या देखत मामाला नाही कोण म्हणणार? मी तरी आत्याच्या तोंडावर तिच्या आमटीला काही म्हणते का?"

माझं हसं झालं, त्याचं काही नाही, त्याची मला सवय आहे. पण संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांनी ते चित्र फ्लेक्सवर छापून घेतलं होतं. मधोमध गॉगल घातलेला त्यांचा फोटो आणि वर 'जनतेचा कौल'. बाजारच्या दिवशी तो पाचोडच्या स्टँडजवळ लागणार आणि दुसऱ्या दिवशी अर्ज जाणार. मला मामांविना वर्षभर सुना पडलेला पार दिसायला लागला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच: "मामा, फ्लेक्स लावायच्या आधी एकदा परत मोजू. पक्कं होईल."

"मोज की! वाढतीलच."

या वेळी मैत्रीण एकटीच गेली. तिला गावात कुणी ओळखत नव्हतं, हीच तिची पात्रता. मामांना दिवसभर गावाबाहेर ठेवणं हे माझं काम. पाचोडच्या एका हॉटेलात मी त्यांना बसवून ठेवलं.

"चल, पोरगी एकटी हाय. कुत्री हायेत तिथं."

"ती पिशोरची आहे मामा, कुत्रीच घाबरतील. अजून एक प्लेट भजी सांगू?"

भजी खाताखाता मामा सरपंच झाल्यावर काय काय करणार ते सांगत होते. "आधी पाराला फरशी बसवायची. लोकं बसतात तिथं." मी माझी भजी मामांपुढं सरकवली.

दुपार कलताना मैत्रीण आली. मोबाइल माझ्या हातात दिला आणि भज्यांकडं वळली. मी बघितलं. बाण गावभर विखुरले होते. आशाताईकडं, शाळेच्या मास्तरांकडं, कुणाच्या पुण्यातल्या जावयाकडं. मामांकडं दोन.

मामांच्या घरी ओसरीवर बसून मी ते त्यांच्यापुढं धरलं आणि आधीचं चित्र कसं चुकलं तेही सांगून टाकलं. मामांनी गॉगल काढला. मग म्हणाले, "हे दोन कोणाचे?"

"एक मामीचा."

मामांचा चेहरा जरा उजळला. आत बघून ओरडले, "ऐकलं का? तू मला इचारतीस व्हय?"

आतून तव्यावरच्या भाकरीबरोबर उत्तर आलं, "ती पोरगी इचारत होती तवा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. दुसरं काय सांगू?"

मैत्रिणीनं पदार्थविज्ञानात नवा शोध लागावा तशी वही काढली आणि ती नोंद खोडली. मामा माझ्याकडं वळले. "अन् दुसरा?"

"माझा. अ‍ॅप चालतंय का ते बघायला भरला होता, पुसायचा राहिला."

"तवा शेजारी कोण होतं?"

"कुणी नाही. खोलीवर एकटाच होतो."

"कधी रे इचारलं मला काही?"

"या कोर्सला प्रवेश घेऊ का, ते."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं, आणि असे हसले की गॉगल ओसरीखाली पडला. "एकानं इचारलं, त्याचं हे झालं! गावानं इचारलं असतं तर काय झालं असतं? नको बाबा सरपंचकी."

अर्ज गेला नाही. माझा प्रकल्प मात्र पास झाला, कारण मॅडमनी मला विषय बदलून दिला: 'मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होतं'. त्यात मी या शहरातला जाणकार समजला जातो.

पुढच्या खेपेला गेलो तर फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर अंथरलेला, चारी कोपऱ्यांवर दगड, गॉगलवर एक कोंबडी. मामा पारावरून नुकतेच आले होते. तेवढ्यात बांधवाले आजोबा कुंपणाशी येऊन थांबले. घसा खाकरून म्हणाले, "अण्णा, आभाळ आलंय. माझा बी कडबा उघडा हाय. असला फ्लेक्स कुठं मिळतो रे?"

मामांनी त्यांना दुकान सांगितलं, भाव सांगितला, दोऱ्या कशा बांधायच्या तेही सांगितलं. आजोबा गेले. मग मामा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मोबाइल काढ. एक बाण वाढव."

मी म्हणालो, "मामा, मी शेजारीच उभा होतो."

"मंग जा की पलीकडं," मामा म्हणाले.