जाळीतले टॉवेल

वर्शात्स गावात कोशावा हा गार, झोंबरा वारा सुटला की सगळं गाव खिडक्या लावून बसतं, पण दोब्रिला भर उन्हाळ्यातही खिडकी उघडायची नाही. ती पाळणाघरात मदतनीस होती. दुपारी पोरांना जेवू घालून निजवायचं, कोणाचं पांघरूण सरकलं तर सारखं करायचं, हे तिचं काम.

तिचं स्वतःचं एकच मूल, लाझार. फार वर्षांपूर्वी, रांगायच्या आतच न्युमोनियानं गेला. त्याच्या दोनच दिवस आधी स्वयंपाकघरात धूर कोंडला म्हणून तिनं समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या. "वारं लागलं त्याला," माती देऊन आल्यावर नवरा, स्रेतेन, एवढंच म्हणाला. त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. पण रोज संध्याकाळी घरातली प्रत्येक कडी तो हलवून बघायचा, आणि तो आवाज दोब्रिलाला पुरायचा.

यंदा पाळणाघराच्या निजायच्या खोलीत नवं हवायंत्र बसलं. ते बाहेरची हवा आत घ्यायचं. थर्मोस्टॅटला गारवा जाणवला की हवा कमी सोडायचं, तेवढ्यानं भागलं नाही तर नळीतला विजेचा हीटर लागायचा. दोब्रिलाला मात्र एकच दिसलं, पोरांच्या डोक्यावर जाळीतून वारा येतो. तिनं गुपचूप जाळ्यांत टॉवेल कोंबले.

पोरं मलूल उठू लागली, डोकं दुखतं म्हणू लागली. खोलीही गारच. शेवटी दुरुस्तीला वुकाशिन नावाचा तरुण कारागीर आला. दोब्रिलानं शिडी धरली. त्यानं वर चढून एकेक टॉवेल ओढून काढला.

"मावशी, हे वाळत घातले होते का?"

"पोरांना वारं लागतं."

"अहो, हीटरवरून हवाच गेली नाही, तर तो तापून आपला आपण बंद पडतो. तुम्हीच खोली गार केलीत. वर पोरं एकमेकांचा श्वास ओढत पडलेली."

"पण वाऱ्यानं न्युमोनिया होतो. मूल दगावतं."

"माझी आजी पण हेच म्हणायची. जंतूंनी होतो तो, मावशी. एकाचा दुसऱ्याला लागतो. वाऱ्यानं काही होत नाही." तो खाली उतरला तरी दोब्रिलानं शिडी सोडली नव्हती.

घरी घेवड्याचं सूप वाढताना तिनं सगळं सांगितलं.

"कोण म्हणालं?" स्रेतेननं विचारलं.

"दुरुस्तीवाला."

"हो का. मग उद्या नळवाल्यालाही विचार."

"अहो, थट्टा नको. खिडकीनं नाही गेला आपला लाझार. न्युमोनिया एकाचा दुसऱ्याला लागतो म्हणे."

स्रेतेननं चमचा खाली ठेवला.

"त्या आठवड्यात मी खोकत होतो," तो म्हणाला. "रडायचा म्हणून रात्रभर छातीशी घेऊन फिरवायचो त्याला."

हे दोब्रिलाला आठवलंच नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतका म्हातारा तो तिला कधी दिसला नव्हता.

"त्या दुरुस्तीवाल्या पोराला काय कळतंय," ती म्हणाली. "यंत्राचं बघावं त्यानं. खिडकी मीच उघडली होती."

स्रेतेननं नाही म्हटलं नाही. तिनं पाव त्याच्या जवळ सरकवला.