ते पाणी गोड नव्हतं

पाणी पिऊन कधी खोटं बोललात का तुम्ही? तोंडाने बोलून नव्हे — पिऊन? मी बोललोय. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्यांच्यासोबत मोर्चात लाठ्या खाल्ल्या त्यांना तर नाहीच.

पण आधी वस्तीचं सांगतो. नाहीतर म्हणाल, पाण्याचं एवढं काय.

पूर्णा गावाच्या बाहेर रुळांच्या कडेला आमची वस्ती. छोटी लाईन मोठी होणार, म्हणून ती उठवायची ठरली. जागा दोन दाखवल्या. एक गावाला लागून, उंचावर, चांगली — पण विहीर गावाबरोबर सामाईक. दुसरी इंजिनशेडच्या उताराखाली. तिथे एक पडीक विहीर होती, आणि ती फक्त आमची होणार होती.

फक्त आमची! या दोन शब्दांनी माझं डोकं फिरवलं. नामांतराच्या दंगलीनंतर गावाने आम्हाला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. आमच्या बाया स्टेशनच्या नळावर जायच्या, रेल्वेचा माणूस हाकलेपर्यंत भरायच्या. मी तेव्हा पोर होतो. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मुळाक्षरं गिरवणारं पोर. मोठा झालो आणि स्वतःच पत्रक लिहिलं: 'यापुढे कुणाच्या विहिरीपुढे हात पसरणार नाही.' वस्तीने ते पाठ केलं. मग गावाजवळची जागा मागायची कशी? माझंच वाक्य गिळायचं?

शिवाय — हेही सांगून टाकतो — मला गावाची भीती वाटत होती. पत्रकात ती कुठेच नव्हती.

नव्या जागी लोकांना काय त्रास होईल ते पाहायला एक साहेब येणार होते. आदल्या संध्याकाळी मी एकटाच त्या विहिरीवर गेलो. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो. रॉकेल. शेडमधलं तेल धुऊन आणणारा नाला विहिरीच्या वरच्याच अंगाने वाहत होता. म्हणजे मला कळलं होतं. नंतर नाही, आधीच.

सकाळी साहेब आले, सगळी वस्ती जमली. गयामावशीने — ती माझी सख्खी मावशी नव्हे, पण तिच्या चुलीवर मी वाढलो — बादली नाकाशी धरली.

"वास यायलाय रं."

मागून कुणीतरी म्हणालं, गयाबाईला तर जावयाचाही वास येतो. लोक हसले. ती हसली नाही. माझ्याकडे वळली.

"तू शिकल्याला हाईस. तू पिशील का हे, रोज?"

काय करायला हवं होतं मी? सोपं होतं. नाही म्हणायचं. पण आमच्यात पाणी पिणं म्हणजे नुसती तहान भागवणं नसतं. पाण्यासाठी आमची माणसं लढली आहेत. ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मी वापरलं. तांब्याभर प्यालो. तोंड वाकडं होऊ दिलं नाही. आणि सगळ्यांसमोर तिला म्हणालो,

"मावशी, तुला अजून त्यांच्याच विहिरीचं गोड लागतं का?"

मग तिनेच पहिली घागर भरली. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला; गावातल्या जमीनवाल्यांनाही आम्ही शेजारी नकोच होतो. सगळे खूश. असा माझा विजय!

वस्ती तिथे गेली. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. पोरांच्या अंगावर फोड येतात. बाया पुन्हा स्टेशनच्या नळावर जातात, फक्त आता मोठ्या लाईनचे रूळ ओलांडून. मावशी डोक्यावर घागर घेऊन खडीवरून घसरली. तेव्हापासून खाटेवर आहे. आणि मी? मी परभणीत खोली करून राहतो, नळाचं पाणी पितो आणि शोषणावर लिहितो.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेलो. तिने शेजारणीच्या पोरीला हाक मारली — स्टेशनचं पाणी आण गं, याला हितलं सोसायचं न्हाई. एवढंच. आवाजात राग नव्हता. म्हणजे माझं खोटं तिला त्याच दिवशी कळलं होतं. तरी तिने घागर भरली, कारण चारचौघांत मला खोटं पाडायचं नव्हतं.

हे मी अजूनही लिहिलं नसतं. पण आता पुलाकडची वस्तीही त्याच उताराखाली न्यायचं चाललं आहे. तिथली माणसं पाण्याबद्दल विचारतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं: तुमचा लेखक स्वतः प्यालाय की.

पूर्णेला तुमचं जाणं होत असेल, तर पुलाकडे उतरा. त्या लोकांना सांगा, तो खोटं प्याला होता. माझं नाव घेऊन सांगा.