काकूंच्या मॉरिसमधला दांडा

काकूंच्या मॉरिस मायनरमधला क्लचचा दांडा मी काढला, आणि आठ दिवसांत परत बसवतो असं सांगून हिवाळाभर बसवला नाही. वेल्डिंगवाला गावी गेलाय, असं मी त्यांना सांगत राहिलो. तो कुठेही गेला नव्हता. दांडा माझ्या बाल्कनीत, कूलरच्या मागे, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

आम्ही दिल्लीत, मयूर विहारमधल्या एकाच सोसायटीत राहत होतो. काकू आणि काका तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नाही. चालवायच्या त्या काकू. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय निकामी होता. त्यामुळे त्यांनी करोल बागेतल्या एका मिस्त्रीकडून स्टिअरिंगखाली एक लोखंडी दांडा बसवून घेतला होता. उजव्या हाताच्या बोटांनी तो ओढला की क्लच दाबला जायचा. ओबडधोबड, काळा रंग दिलेला, टोकाला सायकलच्या हँडलची मूठ.

"आमचे हे फक्त शेजारी बसतात आणि रस्ता चुकवतात," काकू म्हणायच्या.

"म्हणूनच तर तुझी दिल्ली पाहून झाली," काका म्हणायचे.

दर गुरुवारी काकू मॉरिस घेऊन एकट्या आर. के. पुरमला जात, थोरल्या बहिणीकडे. तिचे यजमानही सरकारी नोकरीत होते. ते त्या फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडून दोघं नागपूरला कायमची जाणार होती. दोघी बहिणी एका गावात असण्याचा तो शेवटचा हिवाळा होता, आणि हे मला माहीत होतं.

त्या वर्षांत आमच्या सोसायटीचं पार्किंग नव्या गाड्यांनी भरायला लागलं होतं. हप्त्यांवर गाडी मिळू लागली होती. माझ्यासारख्या लोकांना, ज्यांच्या वडिलांकडे स्कूटरपलीकडे काही नव्हतं, नेमकं तेव्हाच जुन्या विलायती गाड्यांचं वेड लागलं. यात केबलचा वाटा मोठा होता. एका वाहिनीवर इंग्लंडमधल्या मालिका लागत. कुठल्याशा गावातला डॉक्टर हिरव्या मॉरिसमधून उतरायचा, दार लावल्याचा तो जड आवाज यायचा, आणि मला मालिकेत कोण मेलं याच्याशी काही देणंघेणं नसायचं. आमचा सात-आठ जणांचा एक गट होता. रविवारी सकाळी आम्ही इंडिया गेटजवळ जमायचो. कुणाची हिलमन, कुणाची हेराल्ड. माझ्याकडे स्वतःची अशी गाडीच नव्हती. मी काकूंची मॉरिस दुरुस्त करायचो, आणि बोलताना तिला 'आपली मॉरिस' म्हणायचो.

तिच्यावर मी खूप खपलो, हेही खरं. दोन दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे, वळण दाखवणारे ते छोटे हात पुन्हा चालू केले. रंग मूळ शेवाळी करून घेतला. सगळं जमलं, तेव्हा गटातला एक सरदारजी खिडकीतून आत डोकावून म्हणाला, "यार, मेमसाब तो पूरी विलायती है, पर हाथ में ये डंडा किसने पकड़ा दिया?"

सगळे हसले. मीही हसलो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका वाहिनीचे लोक आमच्या गाड्यांचं चित्रीकरण करणार असं ठरलं. मी काकूंकडे गेलो.

"काकू, दांडा काढू का? शूटिंगपुरता. आठ दिवस."

"आठच ना? मग ने बाबा. जाऊ दे मॉरिसबाईंना टीव्हीवर."

दांडा काढला. बोल्टांची भोकं बुजवून वरून रंग मारला. आठ दिवसांनी चित्रीकरण पुढे गेलं, मग धुक्यामुळे आणखी पुढे. एका दुपारीत दांडा परत बसला असता. पण भोकं पुन्हा पाडावी लागली असती, रंगावर ओरखडे आले असते, आणि चित्रीकरण कधीही ठरलं असतं. गुरुवार आला की काकू जिन्यात विचारायच्या आणि मी वेल्डिंगवाल्याचं सांगायचो.

"गावाला चालत गेलाय की काय तुझा वेल्डिंगवाला?" काका म्हणाले.

रिक्षात काकूंचा पाय दुमडायचा नाही, आणि बसचा तर प्रश्नच नव्हता. एका गुरुवारी मीच ऑफिसला दांडी मारून त्यांना मॉरिसमधून नेलं. त्या वर बहिणीकडे होत्या, मी खाली उन्हात उभा. तासाभरातच त्या परत आल्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "नको रे. तू खाली ताटकळत असलास की मला तिच्याशी नीट भांडतासुद्धा येत नाही."

त्या पुन्हा माझ्याबरोबर आल्या नाहीत.

चित्रीकरण फेब्रुवारीच्या अगदी शेवटी झालं. कार्यक्रमात मॉरिस दिसली ती मागच्या दिव्यापुरती, तीही हेराल्डच्या आडून. चित्रीकरणानंतर दोन दिवसांनी मी दांडा बसवला. तोवर बहिणीच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. काकूंनी सोसायटीत एक फेरी मारली आणि किल्ली काकांच्या हातात दिली. "हात बसलाय अजून," म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी विकली. गिऱ्हाईक मीच आणून दिलं.

नंतर मी द्वारकेला राहायला गेलो. गट पांगला, काहींच्या गाड्या गेल्या, काहींचा उत्साह. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मी मॉरिसबद्दल भरभरून बोलायचो आणि दांड्याचा उल्लेख टाळायचो. बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं. दरवेळी टाळण्याचे कष्ट घ्यावे लागतात, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

गेल्या जानेवारीत मी मेट्रोने मयूर विहारला गेलो. काका आता नाहीत. काकू सोसायटीच्या अंगणात उन्हात खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. माझ्यापुढेही त्यांनी मूठभर शेंगा ठेवल्या. बहीण नागपूरला आहे, फोनवर ऐकू येत नाही म्हणून दोघी ओरडून बोलतात, असं त्यांनी सांगितलं. मी द्वारकेतल्या पाण्याबद्दल बोललो. मग मुलांच्या मराठीबद्दल बोललो.

"काय झालंय तुला?" काकू म्हणाल्या. "मघापासून रिकामी सालं सोलतोयस."

मी हातातली सालं खाली ठेवली.

"काकू, वेल्डिंगवाला गावी गेला नव्हता. दांडा माझ्या घरात होता. टीव्हीवर गाडी चांगली दिसावी म्हणून मी तो बसवला नाही, आणि तुमच्याशी खोटं बोललो. त्या हिवाळ्यात तुम्हाला ताईंकडे जाता आलं नाही, ते माझ्यामुळे. मला माफ करा."