दुकानाचा नंबर

दानेश्वरी नेसरीकडून लग्न होऊन आमच्या गडमुडशिंगीच्या गल्लीत आली. ब्लाऊज शिवायची. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कात्रीला हात लावायची नाही. नवरा सोमशेखर फौंड्रीत, घरात सासू शांतादेवी, पदरी दोन मुली.

मी तेव्हा कोल्हापुरात एका सोनोग्राफीच्या दवाखान्यात अर्ज लिहायला होते. २००९ साल. पोटातल्या मुली मारू नयेत म्हणून कायदा आधीपासून होता. आता प्रत्येक बाईचा अर्ज कॉम्प्युटरवरून वर कलेक्टर कचेरीत जायला लागला होता. नाव, पत्ता, मुली किती, फोन, सगळंच.

एक दिवस दानेश्वरी एकटीच आली. दिवस राहून दोन महिने झाले होते. घरी सांगितलं नव्हतं. "सोमवारी देवाला नारळ फोडते, मग ह्यांना सांगते," म्हणाली. फोनच्या रकान्यात तिनं केरबाच्या किराणा दुकानाचा नंबर दिला. ज्याच्याकडे फोन नाही तो आमच्या गल्लीत तोच देतो. मीही लिहिला.

सोमवार यायच्या आधीच घरी न्हाणीत तिचं पडलं. फक्त मला सांगितलं. "आता कुणाला सांगून काय करू, अक्का?"

चार महिन्यांनी कचेरीतून तपासणीचा फोन दुकानात आला. केरबा तिथूनच ओरडला, "ओ दानेश्वरी वैनी! सहावा लागला का इचारत्यात! पेढं कवा देताय?"

धोंडुबाई तेल घ्यायला उभी होती. ती म्हणाली, "सहावा? मग पोट कुठं ठेवून आलीस गं?"

संध्याकाळी सोमशेखरनं विचारलं, "पाडलंस?"

"आपसूक पडलं."

"मग गप का बसलीस?"

शांतादेवी म्हणाल्या, "माझा नातू घालवला हिनं."

मी जाऊन सांगितलं, दोन महिन्यांत मुलगा का मुलगी कळतच नाही. "तुमी तिच्याच दवाखान्यातल्या," त्या म्हणाल्या.

पुढं कचेरीतून दोन बाया चौकशीला आल्या. दारात उभ्या राहूनच विचारलं, 'घरी गर्भपात' असं लिहून घेतलं आणि गेल्या. त्यांना पटलं होतं. घरच्यांना पटलं नाही.

मी तिला वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "कायदा चांगला आहे. अर्ज दोन वर्षं जपायचा, हेही त्यात लिहिलंय. पण तुमची गोष्ट चारचौघांत फुटली, तर दाद मागायला सरळ वाट मला दिसत नाही. भांडायचं तर वर्षं जातील."

"तवर पोरी मला वळखायच्या न्हाईत, म्याडम," दानेश्वरी म्हणाली. तेव्हा तर ती सासरीच होती. तिला आधीच कळलं असावं.

पंचमीला ती माहेरी गेली. शाळा बुडते म्हणून मुलींना सासूनं ठेवून घेतलं. सण झाला की सासरचं माणूस न्यायला जातं. गणपती झाले, दसरा झाला, कोणी गेलं नाही.

मी सोमशेखरला गाठलं. "न्यायला जा की रे."

"आपसूक पडलं म्हणून डॉक्टरचा कागद आना. मग बघू."

न्हाणीतल्या रक्ताचा कागद कोण देतं? मी देवापुढं बसले, पण काय मागावं तेच सुचेना.

दिवाळीच्या तोंडावर, तिला कधी नेताय ते विचारायला तिचा भाऊ आला. शांतादेवींनी तिच्या लुगड्यांचं गाठोडं आधीच बांधून दारात ठेवलं होतं. मुलींना आतल्या खोलीत कोंडलं होतं. मामाचा आवाज ऐकून धाकटी दार वाजवत राहिली. त्यानं गाठोडं उचललं आणि तो एसटी गाठायला निघाला.